कथनात्मक इतिहास : प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा, पण कागद सोडायचा नाही. कसं जमवायचं?

जुना_राजवाडा

करवीरच्या (कोल्हापूरच्या) राजाराम महाराजांच्या (दुसरे) १८७० च्या युरोप प्रवासावर पुस्तक लिहायला घेतलंय. कादंबरी नको आणि प्रबंधही नको. शोधमोहिमा, प्रवास, हरवलेली माणसं यांवर इंग्रजीत गोष्टीच्या ओघात पण तळटीपांसकट लिहिलेला इतिहास मिळतो, तसं मराठीत करायचंय. साधारण अडीचशे पानं.

सांगाडा असा : जन्म १८५०, गादी १८६६, १८७० च्या उन्हाळ्यात लंडन, परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये निधन, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहन, आणि १८७४ साली तिथंच छत्री. महाराजांची इंग्रजी रोजनिशी सोबत गेलेल्या कॅप्टन वेस्टने १८७२ मध्ये लंडनला छापली, तीच माझा कणा.

अडतंय ते इथं : संवाद लिहू का? हवा, उजेड, गर्दी कुठून आणू? आणि कागद गप्प आहे तिथं काय करू? दहनाची रात्र लिहिताना हात थांबतोय.

मिसळ_कट

पहिला! जाणकार येईपर्यंत पाव आणतो.

बोरूबहाद्दर

संवादाचं आधी मिटवू. अवतरणचिन्हात फक्त तेच टाका जे कुणीतरी त्याच काळात लिहून ठेवलंय. रोजनिशीत "अमुक गृहस्थ भेटले, तमुक विषयावर बोलले" असं असेल तर तुम्हीही तेवढंच लिहा, अवतरण न लावता. वाचकाला चिन्हाचा अर्थ पहिल्या वीस पानांत समजतो. एकदा समजला की मोडायचा नाही.

आता रोजनिशीविषयी सावध राहा. छापणारा माणूस पोलिटिकल खात्यातला (संस्थानांचा कारभार बघणाऱ्या इंग्रजी खात्यातला), छापली ती राजाच्या माघारी, आणि वाचक विलायतेतला. म्हणजे छापील प्रतीत तीन चाळण्या आहेत : महाराजांनी स्वतः काय लिहिलं नाही, वेस्टने काय गाळलं, आणि प्रकाशकाने काय नीटनेटकं केलं. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीला दुसरा साक्षीदार शोधा. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात (एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत) पोलिटिकल डिपार्टमेंटचे १८७० आणि १८७१ चे खंड मागवा. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं आहेत. फ्लॉरेन्सचं 'ला नाझिओने' हे दैनिक १८५९ पासून निघतंय, त्याचे डिसेंबर १८७० चे पहिले अंक बघा. शहरात परक्या देशाचा राजा जाळला, आणि तेही जिथं दहनाची रीत नाही, परवानगी काढावी लागली अशा गावात. वार्ताहर झोपले नसणार.

दुखणं वाढल्यावर रोजनिशीवर विसंबता येत नाही, तिथून पुढं आपण वेस्टच्या हातात. हा बदल वाचकाला मजकुरातच सांगा, टीपेत लपवू नका. "इथून पुढं महाराज बोलत नाहीत, वेस्ट बोलतो" एवढं एक वाक्य पुरे, आणि खरं तर तेच त्या प्रकरणातलं सगळ्यांत हलवणारं वाक्य ठरेल.

कावळा_नाका

बोरूसाहेब, हे सगळं बरोबर, पण असं लिहिलं की पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात जातं ते बाहेर येत नाही. आपला वाचक ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलाय. त्याला महाराजांच्या मनात काय चाललंय ते हवं. वीस वर्षांचा पोरगा, परका मुलुख, थंडी, आजारपण... यात थोडी कल्पना लढवली तर कुणाचं काय बिघडतं?

बोरूबहाद्दर

बिघडतं हे की पुढचा लिहिणारा तुमची कल्पना पुरावा म्हणून उचलतो. दोन पिढ्यांनी ती शाळेच्या स्नेहसंमेलनात असते.

मिसळ_कट

आणि तीन पिढ्यांनी व्हॉट्सॲपवर, "हे शाळेत शिकवलं जात नाही" या मथळ्याखाली.

तिथीवाला

उजेडाचं मी सांगतो, कारण तो फुकट मिळतो आणि बहुतेक जण तिथंच घसरतात.

३० नोव्हेंबर १८७० ला चंद्र कसा होता? पंचांग नसलं तरी चालतं. २२ डिसेंबर १८७० ला खग्रास सूर्यग्रहण झालं, सिसिलीतून दिसलं. म्हणजे त्या दिवशी अमावास्या. साडेएकोणतीस दिवस मागं या : आधीची अमावास्या २२-२३ नोव्हेंबर. म्हणजे ३० तारखेला शुद्ध अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र. असा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. तेव्हा अंत्ययात्रा आणि चिता यांच्या घड्याळाच्या वेळा कागदात नक्की करा. मध्यरात्रीच्या आधीचं असेल तर पश्चिमेला उतरता चंद्र. नंतरचं असेल तर मशाली, कंदील आणि चितेचा उजेड, बस्स. "चांदण्यात न्हालेला संगम" असं वाक्य सुचलं असेल तर आत्ताच खोडा.

हवेसाठी फ्लॉरेन्सची झिमेनियानो वेधशाळा आहे, अठराव्या शतकापासूनची. तिथं पत्र टाकून त्या दोन दिवसांचं तापमान, पाऊस, वारा विचारा. वाऱ्याची दिशा मिळाली तर धूर कुठं गेला हे लिहायला तुम्ही मोकळे, कल्पना न करता.

वेळेचंही बघा. फ्लॉरेन्स साधारण सव्वाअकरा रेखांशावर, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरवर. फरक ६३ अंश, म्हणजे चार तास बारा मिनिटं. तिथं सकाळचे सहा तेव्हा इथं सूर्याच्या घड्याळानं सव्वादहा. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ची, ती १८७० च्या कोल्हापुरावर लादू नका.

जुना_राजवाडा

तिथीवाला, साष्टांग. तसलंच वाक्य लिहून ठेवलं होतं, खोडलं.

घाटवाट

अवांतर, पण विचारतोच. मग शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले त्याचं काय? १२ जुलै १६६० ची रात्र तारांगणाच्या ॲपमध्ये घातली तर चंद्र जेमतेम पंचमीचा दिसतोय. आणि आपण लहानपणापासून ऐकतोय आषाढी पौर्णिमा.

तिथीवाला

पौर्णिमाच होती, ॲपला वेगळंच विचारलं गेलं.

आपल्याकडं शिवकाळाच्या ज्या इंग्रजी तारखा रूढ आहेत त्या जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या. ॲप १५८२ नंतरची कुठलीही तारीख नव्या, ग्रेगोरियन पद्धतीची धरतं. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. म्हणून ॲपमध्ये १२ ऐवजी २२ जुलै घाला, पूर्ण चंद्र मिळेल. जेधे शकावली (जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदवही) आषाढ वद्य प्रतिपदा म्हणते, तीही त्याला चपखल बसते.

हाच खड्डा परदेशी कागदांत आणखी खोल आहे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी पद्धत ठेवली, पोर्तुगीजांनी १५८२ लाच नवी घेतली. म्हणजे राजापूरच्या वखारीतलं पत्र आणि गोव्याचं पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी तारखेत दहाचा फरक. शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. फेब्रुवारी १६६० असं वखारीच्या पत्रावर असेल तर ते आपल्या हिशेबानं १६६१. हे न बघता घटनाक्रम लावला की माणूस आधी पळतो आणि वेढा नंतर पडतो.

घाटवाट

नाद खुळा! म्हणजे सिद्दी जौहरच्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन आले त्याच्या तारखा लावताना हे बघायलाच हवं.

मग वाटेचंही टाकतो. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर लिहिणारे बहुतेक जण म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडा, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरेपाणी असा आजच्या ट्रेकचा क्रम जसाच्या तसा १६६० ला चिकटवतात. वाट ढोबळमानानं तीच असेल, पण आजच्या वाड्या तेव्हा होत्या का, झाडी किती होती, हे वेगळं तपासायला लागतं. जमीन मात्र बदललेली नाही. मसाईवर जांभ्याचा सडा, आषाढात वर पाणी साचतं, पाय घसरतो, आणि पठार उघडं असल्यानं वारा थेट अंगावर. पठार संपलं की ओढे आडवे येतात. पालखी, भोई आणि सहाशेच्या आसपास माणूस (बखरींचा आकडा, जपून घ्या) तिथून रांगेनं जाणार, घोळक्यानं नाही. एवढं भूगोलावरून छातीठोक लिहिता येतं. पौर्णिमा असली तरी ढगांमुळं चंद्र दिसेलच असं नाही, पण काळोख अमावास्येचा नसतो, ढगाआडून फिकट उजेड राहतो. विजांचा कडकडाट मात्र कुणी बघून लिहिलेला नाही, तो नाटकातून आलाय.

कावळा_नाका

आणि तोफांचे पाच बार?

बोरूबहाद्दर

शकावलीची नोंद दोन-तीन ओळींची. त्यात निघणं आहे, पाठलाग आहे, बांदलांची झुंज आहे, बाजीप्रभू पडल्याचं आहे. बार नाहीत. ते नंतरच्या सांगण्यातून येतात. लिहिताना काढून टाकू नका, पण कुठल्या काळातला कागद ते सांगतो हे त्याच परिच्छेदात सांगा. दोन आवाज शेजारी ठेवले तर वाचक हुशार आहे, त्याला कळतं.

रंकाळ्याची_सर

धागा पन्हाळ्यावर चढला, जरा खाली उतरूया. कागद गप्प असतो तिथं काय करायचं, याला अजून कुणी हात घातला नाही.

मनातलं लिहायचं नाही असं ठरलं तरी व्यक्तीभोवतीचं जग लिहिता येतंच. ते पडताळलेल्या तपशिलाच्या जोरावर. १८७० घ्या. कोल्हापूरला रेल्वे १८९१ ला आली, म्हणजे महाराज पुण्यापर्यंत रस्त्यानं गेले असणार. पुण्याहून मुंबई मात्र गाडीनं शक्य, बोरघाट १८६३ पासून चालू. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ ला खुला झाला. इथं मोह होतो की "नव्या कालव्यातून जाणारा पहिला मराठी राजा" वगैरे लिहावं. थांबा. त्या वर्षांत टपाल बोटींचे उतारू इजिप्तमध्ये आगगाडीनंही पलीकडं जात होते. रोजनिशीत नेमकी कुठली वाट आहे ते वाचा, आणि मगच बोट हलवा.

लंडनमध्ये असताना १९ जुलैला फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं. १९ सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा. परतीचा मार्ग ठरवताना वेस्टच्या टेबलावर नकाशा आणि वर्तमानपत्र दोन्ही असणार. हा "असणार" चालतो, कारण त्याला खाली आधार आहे. महाराज इटलीत पोचले तेव्हा रोम नुकतंच, २० सप्टेंबरला, नव्या राज्यात आलेलं, पण राजधानी अजून फ्लॉरेन्सच होती. हे सगळं त्या खोलीबाहेरचं आहे, आणि खोलीत काय चाललंय हे माहीत नसताना दार-खिडक्यांबाहेरचं नेमकं लिहिणं हाच या लेखनप्रकाराचा खरा कस.

आणखी एक. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई ते इंग्लंड समुद्री तार एडन, सुएझ, माल्टामार्गे पुरी झाली. म्हणजे कोल्हापुरात बातमी दोनदा येते : आधी तार, दोन ओळींची. आठवड्यांनी टपाल, तपशिलासह. दोन्हींच्या मधले दिवस हे तुमचं एक अख्खं प्रकरण आहे. गादीला वारस नाही, दत्तकाची खलबतं तिथंच सुरू होतात. सगळी पत्रं तारीखवार लावा : लिहिल्याची तारीख वेगळी, पोचल्याची वेगळी. कोल्हापुरात बसलेल्या माणसाला अजून न मिळालेली माहिती त्याच्या तोंडी घातली की घोटाळा.

कावळा_नाका

हे "आधी तार, मग टपाल" पटलं. रंगवण्याची गरजच नाही, आपसूक रंगतंय.

मिसळ_कट

कावळा_नाका पटले! मूळ धागा सोडा, ही बातमी छापा.

साखळी_कडी

शोधमोहिमांचा विषय निघालाच आहे तर तिबेटची वाट गुपचूप मोजणाऱ्या पंडित नैनसिंगांचं उदाहरण देतो, कारण तिथं नाट्य सगळं आकडेमोडीत आहे. सर्वेक्षण खात्यानं त्यांना एकसारखी पावलं टाकायला शिकवली : दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळ १०८ ची नव्हे, १०० मण्यांची. शंभर पावलांना एक मणी, पूर्ण माळ दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात. पारा कवड्यांत भरलेला, वाडग्यात ओतला की सपाट आरसा तयार, त्यात ताऱ्याचं प्रतिबिंब बघून सेक्स्टंटनं उंची घ्यायची, म्हणजे अक्षांश. समुद्रसपाटीपासूनची उंची पाणी किती अंशावर उकळतं त्यावरून : ढोबळ हिशेब तीनशे मीटरला एक अंश सेल्सिअस. अर्ध्या अंशाची चूक झाली की दीडशे मीटर गेले.

कच्चा लेखक इथं "जिवावर उदार होऊन ते चालत राहिले" असं लिहितो. पक्का लेखक माळ कशी फिरते ते दाखवतो, आणि वाटेत कुणी बोलायला लागला की मोजणी तुटते हे वाचकाला स्वतःच कळतं. जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचेपर्यंत वाचकसुद्धा पावलं मोजायला लागतो.

तुमच्या विषयात अशी एखादी वस्तू शोधा. खर्चाची वही, औषधांची यादी, सामानाच्या पेट्या, सोबतच्या हिंदू स्वयंपाक्यासाठी बोटीवर केलेली सोय. दरबारी कागदांत खर्च हमखास असतो, भावना क्वचित.

(जाता जाता : दक्षिणेतल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा लॅम्बटन १८२३ ला आपल्या हिंगणघाटला वारला, कबर तिथंच. त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) तंजावरच्या मंदिरावर चढवताना आपटलं होतं. यावर मराठीत पुस्तक हवं, कुणीतरी घ्या.)

पंचगंगा_घाट

कोल्हापुरातले कागद : पुराभिलेखागारात जाताना विषय घेऊन जाऊ नका, रुमालाचा (कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्याचा) क्रमांक घेऊन जा. "राजाराम महाराजांचं काय आहे?" विचारलं तर हात हलवत परत याल. आधी याद्या बघा, १८६६ ते १८७१ चे रुमाल काढा, मग कागद. टिपून घेताना रुमाल क्रमांक, कागद क्रमांक, बंद (पानं) किती, मोडी की इंग्रजी, आणि तारीख कागदावर आहे तशीच. तारखेचं रूपांतर वेगळ्या रकान्यात. जागीच रूपांतर करून मूळ टिपलं नाही तर पुढं पडताळता येत नाही, आणि परत तोच रुमाल काढायला लागतो.

महसुली कागदांवर फसली सन सापडेल : ५९० मिळवा, जून ते डिसेंबर असेल तर. जानेवारी ते मे असेल तर ५९१. फसली १२८० म्हणजे जून १८७० पासून पुढं. जुन्या कागदांत सुहूर सन, तोही शब्दांत आणि उलटा : "इहिदे सितैन अलफ" म्हणजे एक, साठ, हजार, अर्थात १०६१. त्यात ५९९ मिळवले की १६६०, जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६००. मोडी वाचताना शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, तेव्हा विशेषनाम एका कागदावरून ठरवू नका. तेच नाव तीन हातांत बघा. परकी नावं तर कारकुनानं कानाला लागली तशी लिहिलेली असतात, फ्लॉरेन्सची किती रूपं सापडतील देव जाणे.

छापील संदर्भाला विद्यापीठातलं खर्डेकर ग्रंथालय आणि करवीर नगर वाचन मंदिर. वाचन मंदिर १८५० चं, महाराजांच्याच वयाचं.

घाटवाट

आणि टाऊन हॉल बघाच. तो वास्तुकार मेजर मँटचा, नवा राजवाडाही त्याचाच, फ्लॉरेन्सच्या छत्रीचा आराखडाही त्याचाच. छत्रीतला पुतळा शिल्पकार फुलरचा. फ्लॉरेन्समधली छत्री नीट वर्णायची तर इथल्या कमानी आधी समजून घ्या, तिकीट स्वस्त पडतं.

मिसळ_कट

टाऊन हॉलमध्येच ब्रह्मपुरीच्या खोदाईतला पोसायडनही उभा आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी, आमचा राजा आर्नोकाठी. फिट्टंफाट!

रंकाळ्याची_सर

मिसळ_कट, हसताय पण यात प्रकरण आहे बरं का.

जुना_राजवाडा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा प्रश्न : सुरुवात कुठून? संगमावरून करून मागं जायचं की सरळ जन्मापासून?

बोरूबहाद्दर

दोन्ही नको. चितेवरून सुरुवात सगळेच करतात, आणि मग २२० पानं वाचक मरणाची वाट बघत बसतो. जन्मापासून केली तर पन्नास पानं दत्तक आणि वंशावळीत जातात. निघण्याच्या तयारीपासून करा : कोण सोबत, काय सामान, कुणाचा विरोध, खर्च कुठल्या खात्यावर. वंशावळ जिथं अडेल तिथं अर्ध्या पानात द्या.

साखळी_कडी

आणि प्रत्येक दिवसाला एक कार्ड करा. वर तारीख आणि तिथी, खाली ठिकाण, साक्षीदार कोण, त्यानं पाहिलं की ऐकलं, अंतर आणि वाहन, हवा, कागदाचा क्रमांक. कोरं राहिलेलं कार्ड फेकू नका. लागोपाठ चार-पाच कोरी आली की समजा तिथं महाराज आजारी तरी आहेत, प्रवासात तरी, किंवा वेस्टनं कात्री चालवली आहे. तिन्हींची तपासणी निराळी : डॉक्टरांची बिलं, गाड्यांची वेळापत्रकं, पोलिटिकल एजंटची पत्रं.

कावळा_नाका

तळटीपा पानाखाली की शेवटी?

पंचगंगा_घाट

शेवटी, पण पान क्रमांक आणि वाक्याचे पहिले तीन शब्द देऊन. मजकुरात आकडे पेरले की ओघ तुटतो. आणि नकाशे दोनच : मुंबई ते लंडन एक, फ्लॉरेन्सचा संगम एक. दुसऱ्यावर उत्तर दिशा आणि प्रवाहाच्या दिशेचा बाण विसरू नका, मुन्योने आर्नोला उजव्या काठानं मिळते.

मिसळ_कट

वाचनखूण साठवली. पुस्तकाचं प्रकाशन खासबागेत ठेवा, मिसळ माझ्याकडून. तळटीपा वेगळ्या वाटीत.